डायखाली एका पानाची जागा

तुझी तेरवी जेवून आलो, मुंशी. भाजी तिखट झाली होती, तुले सोसली नसती. जेवणं झाल्यावर क्लबाचे सेक्रेटरी माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुमी त्यायचे साडभाऊ, दोन शब्द बोला." मी उठलो नाई. मले उभं राहून बोलता येत नाई, आणि चार जण रडत असताना आपण आणखी भर टाकावी हेबी पटत नाई. हात धुतले आणि घरी आलो. आता लिहून राह्यलो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुका निघतील. तू असता तर लाल पेन घेऊनच बसला असता.

तू कुठं जन्मला, ब्रह्मपुरीले मॅट्रिक कसा झाला, तेंदूपत्ता गोळा होते त्या फडीवर किती हंगाम मुंशी होता, हे सारं तुझ्या पोरानं तिथी सांगितलं. चांगलं सांगितलं. मी ते लिहीत नाई. मले डायचं लिहायचं आहे. आपलं दहा वर्सांचं भांडण अर्धं राह्यलं, आणि त्या भांडणाच्या पोटात एक गोष्ट अशी आहे की जी मी तुले सांगितली नाई आणि तू मले विचारली नाई.

तुले समजावून सांगायची गरज नाई, पण हे दुसरेबी वाचतील. चंद्रपूरच्या बाहेर आपल्या क्लबाची रेंज आहे. तिथी एकाच बोअरच्या, म्हणजे नळीच्या एकाच मापाच्या, तीन रायफली आहेत. नवी काडतुसं येता येत नाई, म्हणून क्लबाच्या नावानं परवाना आहे, जुनी पितळी पुंगळी पुन्हा भरायचा. जाळीच्या खोलीत प्रेस आहे, त्यात डाय बसवायची, डाय म्हणजे पोलादाचा साचा. गोळी सुटली का पुंगळी फुगते आणि ज्या रायफलीत ती सुटली तिच्या चेंबरचा, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीचा, आकार अंगावर घेते. ती पुन्हा भरायची तर पहिले दाबावी लागते. मानेची डाय फक्त पुंगळीची मान दाबते, म्हणजे गोळी तिथी घट्ट बसते, बाकी अंग जसंच्या तसं. पूर्ण डाय मान, खांदा, अंग सारंच दाबून कारखान्यातून निघालं होतं तसं करते.

मी मानेच्या डायचा. तू पूर्ण डायचा. भांडण एवढंच.

माझं म्हणणं सरळ होतं. पुंगळी एकदा एका रायफलीची झाली, तिच्यात चपखल बसाले लागली, मग तिले पुन्हा चेपायची कायले? पितळ थकते. दर वेळी फुगवलं, दर वेळी दाबलं, तर पाच-सहा खेपेत चिरते. तीन रायफलीच्या पुंगळ्या तीन डब्यात ठेवा आणि मानेची डाय वापरा. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात मी तीस वर्सं खरादीवर, म्हणजे लेथवर, काढले, मले पितळ काय असते ते तू फडीवरून सांगणार?

तू म्हणायचा, "तुह्यं पितळ बरोबर आहे. पण माणूस डबे तीनच ठेवन याची ग्यारंटी काय?"

"मी ठेवतो ना."

"तू माणूसच हायेस ना, साडभाऊ?"

यावर तुझी लीला आणि माझी सिंधू, दोघी बहिणी, चहा टाकाले उठून जायच्या. त्यायले माहीत होतं का आता तासभर हे चालणार.

मले एक कबूल करायचं आहे. मी रिटायर होऊन खाटेवर बसलो होतो तेव्हा तू मले तिथून उठवलं. आठ महिने मी कोणाशी बोललो नव्हतो. सिंधूनं निरोप पाठवला असंल, मी विचारलं नाई. तू आला, चहा पेला आणि म्हणाला, "रायफली सांभाळाले माणूस पायजे क्लबाले. मी तुहं नाव सांगून आलो." मी म्हटलं, तिथी कागद सारे इंग्रजीत राह्यतील. तू म्हणाला, "म्हणून तर मी येऊन राह्यलो ना सोबत." तुले रायफलीतलं काईच कळत नव्हतं. सेक्रेटरीले हात पायजे होते, मले डोळे, अन् तू घरी बसला असता तरी तुझं काई अडत नव्हतं. तरी आला.

मग दर रविवारी तू कॅटलॉग उघडायचा आणि मले वाचून दाखवायचा. पहिल्या वर्षी डाय निवडायची होती. तू चष्मा लावून एकेक ओळ मराठीत सांगत होता. एक वाक्य माझ्या कानात बसलं. तू वाचलं, "ज्याचा हात सच्चा आहे त्यानं मानेची डाय घ्यावी, त्याले दुसरी लागत नाई." मी म्हटलं, पाहा, कंपनीवालेबी तेच म्हणते. तू चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "लिहिलं तर तसंच आहे." त्यावर मानेची डाय मागवली. दहा वर्सं मी ते वाक्य तुझ्याच तोंडावर मारत आलो.

पूर्ण डाय एक जुनी पडली होती, कोण्या मेंबरनं देऊन टाकलेली. एकदा उन्हाळ्यात तू खिशातून वाळलं तेंदूचं पान काढलं. प्रेसचा दांडा वर घेतला आणि डाय आणि पुंगळी धरणारा खालचा धारक यायच्या मधात ते पान धरलं. म्हणाला, "हे पाह्य. पूर्ण डाय लाव, पण टेकेपर्यंत पिरगाळू नको. एका पानाची जागा मधात राहू दे. अंग सरळ होते, खांदा नुसता हालते, मरत नाई. तुहं पितळबी वाचते, माही ग्यारंटीबी राह्यते."

मी हसलो. म्हटलं, "तीस वर्सं मायक्रोमीटर धरला या हातानं, आता बिडीच्या पानानं मोजू? आन मुंशी, पावसाळ्यात पान फुगन तवा काय करशीन?"

"मोजू नको. नुसतं मधात ठेव."

"फडीवर जा तू."

तू पान खिशात ठेवलं. रागावला नाई. तुझं हेच मले खटकायचं, का तू रागावत नव्हता.

आता ती गोष्ट.

चार वर्सांपूर्वी रेश्मा नागपूरच्या स्पर्धेले जाणार होती. रेश्मा मडावी, आलापल्लीकडची वनरक्षक, आपल्या रेंजवर तिच्याइतका शांत हात दुसरा नाई. सुट्टी जुळवून, बस बदलत यायची, आली का "सेवा जोहार, काका" म्हणायची आणि डबा न उघडता आधी रायफल मागायची. तिच्यासाठी साठ काडतुसं भरायची होती. मी दोन रायफलीच्या पुंगळ्या घरी धुवाले आणल्या. रजिस्टरात नोंद करून आणल्या, पण आणाले नको होत्या. चिंचेच्या पाण्यात घासून चकाचक केल्या, घरच्या पाण्याच्या पितळी गुंडासारख्या, आणि अंगणात दोन सुपात वाळत घातल्या. एक सूप एका रायफलीचं, दुसरं दुसरीचं.

सिंधूले काय माहीत. उन्हं उतरली तशी तिनं मोहफुलं भरावी तशा दोन्ही सुपातल्या पुंगळ्या एका टोपलीत भरल्या आणि घरात आणून ठेवल्या. वरतून म्हणाली, "तुमचं पितळ भरलं जी, नाई तं दव पडलं असतं."

तेव्हा मी काय करावं? सरळ काम होतं. रेंजवर जायचं, सेक्रेटरीकडून चावी घ्यायची, एकेक पुंगळी रायफलीत घालून पाहायची, जी जाईन ती तिची. पण त्यासाठी सांगावं लागलं असतं का माझे डबे एक झाले. तुझ्यासमोर सांगावं लागलं असतं. मी अंगणात दिवा लागेपर्यंत बसलो आणि बुडाचा ओरखडा पाहून निवडल्या. रायफलीतला आकडा, म्हणजे हूक, पुंगळी ओढून काढताना बुडाले नख मारते, दर रायफलीचं नख निराळं. मले वाटलं मले दिसते. सिंधूले म्हटलंबी, मले डोयानं कळते.

दुसऱ्या दिवशी मानेची डाय लावून साठच्या साठ भरल्या. रजिस्टरात तू लिहिलं, कारण लिहायचं काम तुझं. भरणार, तपासणार, तारीख. सही तुझी.

नागपूरले घाईच्या फेरीत रेश्माच्या रायफलीचा बोल्ट लागला नाई, काडतूस पूर्ण आत जाईना. तिनं काडतूस काढलं, दुसरं घातलं, ते गेलं. पुढं पुन्हा अडला. मग पुन्हा. तीन गोळ्या तिच्या हातात राहून गेल्या आणि घंटा झाली. आपण दोघं मागच्या बाकावर बसलो होतो. मले पहिल्या अडण्यातच समजलं, पुंगळी दुसऱ्या रायफलीची आहे. तू माझ्याकडं पाह्यलं नाई. पायाजवळची पाण्याची बाटली उचलून नुसती हातात धरली.

ती संघात आली नाई. रडली नाई. ती तीन काडतुसं तिनं रुमालात बांधून तिथीच सेक्रेटरीच्या पुढ्यात ठेवली.

त्यायनं नागपूरलेच, उतरलो होतो त्या खोलीत, आपल्या दोघायले बोलावलं. विचारलं, "डाय कोणी बसवली होती?"

मी हत्यारांच्या पेटीतला पाना पुसत होतो. मले आठवते, पाना स्वच्छच होता.

तू म्हणाला, "मी."

"तुमी? मुंशीभाऊ, तुमचं काम लिहायचं."

"यायचं अंग दुखत होतं त्या दिवशी. मीच पिरगाळली. आन पुंगळ्याबी मीच मिसळवल्या असतीन."

सेक्रेटरी वाईट माणूस नाई. जोरानं बोलले नाई. म्हणाले, आजपासून तुमी जाळीच्या आत यायचं नाई, बाहेर बसा, रजिस्टर बाहेर आणून देऊ. तू मान हलवली. मी पाना पेटीत ठेवला. बस एवढंच झालं. कोणी आवाज चढवला नाई, म्हणून आजबी ते फार मोठं झालं असं वाटत नाई, आणि तरी चार वर्सं ते रोज माझ्यासोबत जेवाले बसते.

परत येताना बशीत तू खिडकीकडं होता. वरोरा मागं गेलं तेव्हा तू एकच विचारलं, "चिंच जास्त झाली होती का, साडभाऊ?"

मी म्हटलं, "चिंचेनं काई होत नाई."

"मंग बरं."

मी तेव्हा सांगू शकलो असतो. तू मधात जागा ठेवली होती. मी खिडकीबाहेर पाह्यलं.

त्यानंतर तू दर रविवारी जाळीबाहेर लाकडी स्टुलावर बसला. मले वाटलं होतं तू येणं बंद करशीन, मग मलेबी एखाद्या दिवशी बंद करता येईन. तू एक रविवार चुकवला नाई. आत मी, बाहेर तू, मधात जाळी, आणि भांडण तेच. तू बाहेरून म्हणायचा, "कोन्ती लावली आज?" मी म्हणायचो, मानेची. "डबे किती?" तीन. "मोज." मी खरंच मोजायचो. आता मी पुंगळ्या घरी नेत नव्हतो आणि दर पुंगळी रायफलीत घालून पाहत होतो, हे तुले दिसत होतं. तू त्यावर कधी एक शब्द काढला नाई. तुझ्या जागी मी असतो तर पहिल्याच रविवारी काढला असता.

शेवटी तुले भेटाले आलो तेव्हा तू खाटेवर होता, आवाज बारीक झाला होता. मी सांगून टाकावं म्हणूनच निघालो होतो घरून. बसलो. लीलानं चहा दिला. मी म्हटलं, मानेची डाय आता झिजली, सेक्रेटरी म्हणते नवी मागवा, एकच सेट येईन, पूर्ण का मानेची ते तुमी ठरवा.

तू विचारलं, "मंग कोन्ती?"

"मानेची. कंपनीवालेच म्हणते ना, हात सच्चा असन तर."

तू डोळे मिटून हसला. म्हणाला, "आता कॅटलॉग रेश्माले वाचाले लाव."

मले वाटलं थकला म्हणून म्हणून राह्यला. चहा पेऊन उठलो. पाचव्या दिवशी निरोप आला.

काल रविवार होता. तेरवीच्या आदल्या दिवशी रेंजवर कोणी जात नाई, पण रेश्माची स्पर्धा पुढच्या रविवारी आहे आणि डायचं सांगायचं होतं, म्हणून गेलो. तुझं स्टूल जाळीबाहेर तसंच होतं. रेश्मा त्याच्यावर बसली नाई, जमिनीवर बसली. मी कॅटलॉग तिच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, "बाई, यात एक वाक्य आहे मानेच्या डायचं, सच्च्या हाताचं. ते काढून वाच."

तिनं पान उलटलं. पुन्हा उलटलं. मागून पुढं आली. म्हणाली, "काका, यात वाक्यच नाई जी. नाव आहेत, नंबर आहेत, बोअर आहेत. खाली पत्ता आहे."

"नीट पाह्य."

"नीटच पाहून राह्यली."

मी ते हातात घेतलं, जसं काई माझ्या हातात आलं का वाक्य उगवन. खरंच, रकानेच रकाने. दहा वर्सांपूर्वी तू चष्मा पुसत होता ते मले आठवलं. कंपनीवाल्यायले माझ्या हाताचं काय माहीत असणार. ते तू लिहिलं होतं, मुंशी, तिथल्या तिथं, तुझ्या स्वतःच्या म्हणण्याच्या विरोधात, खाटेवरून नुकत्या उठलेल्या माणसासाठी.

मी रेश्माले म्हटलं, "त्या साली नागपूरले तुह्या तीन गोया राह्यल्या. मुंशीनं डाय नव्हती बसवली. मी बसवली होती. पुंगळ्याबी माह्याच घरी मिसळल्या."

ती कॅटलॉग बंद करत होती. म्हणाली, "हाव."

"हाव म्हणजे?"

"मले माहीत होतं, काका. मुंशीकाकाचे हात कापत होते. त्यायच्यानं पाण्याची बाटली उघडत नव्हती, मीच उघडून देत होती. डाय कुठून पिरगाळतीन ते?"

"सेक्रेटरीले?"

"त्यायलेबी माहीत असनच."

"मंग कोणी बोललं काऊन नाई?"

"मी एकदा बोलणार होती. मुंशीकाका म्हणाले, नको बोलू, त्याच्याजवळ तेवढंच काम आहे." मग म्हणाली, "मले राग होता, काका. तुमचा. त्यायचा नाई. बराच होता."

"आन आता?"

"आता कोन्ती डाय मागवता ते सांगा."

चार वर्सं मी एक गोष्ट लपवून राह्यलो होतो आणि ती लपलेली नव्हतीच. माझ्या भोवताली सारे जण ती झाकून बसले होते, मीच एकटा त्यात उघडा होतो. मले लाज वाटली का राग आला, आजबी नक्की सांगता येत नाई.

सेक्रेटरीकडं गेलो. म्हटलं, पूर्ण डाय मागवा. तेवढ्यात येणार नाई, म्हणून पुढच्या रविवारसाठी जुनी पूर्ण डाय घासूनपुसून लावतो. आणि म्हटलं, त्या सालचं रजिस्टर काढा, त्यात मुंशीचं नाव आहे, ते खोडाचं आहे. ते म्हणाले, खोडता येत नाई, तपासणीले जाते ते. शेऱ्याचा रकाना कोरा आहे, लिहायचं तर तिथी लिहा. मी लिहिलं. 'डाय मी बसवली होती. पुंगळ्या माझ्या हातून मिसळल्या. मुंशीचा दोष नाई.' सही केली. सेक्रेटरीनं वाचलं, शिक्का मारला आणि रजिस्टर मिटवलं. त्यायले नवल वाटलं नाई.

मग जुनी डाय प्रेसले लावली. तेंदूचं पान कुठून आणावं? तुझ्या खिशातलं तर तुझ्यासोबत गेलं. रेश्मानं रेंजच्या कुंपणापलीकडून एक पान तोडून आणलं, हिरवं. मी म्हटलं, वाळलेलं पायजे, मुंशीचं वाळलेलं होतं. ती पुन्हा गेली आणि खाली पडलेली चार आणली, त्यातलं एक निवडलं. दांडा वर घेतला, पान मधात धरलं, पिरगाळत आणलं. पान जेमतेम सरकलं तिथी थांबलो, नट आवळला, पान काढून घेतलं. मायक्रोमीटर खिशात होता. पान मोजलं नाई.

एक पुंगळी दाबली. सेक्रेटरीनं तिन्ही रायफली आणून दिल्या, त्यायच्यासमोर घालून पाह्यली. पहिलीत गेली. दुसरीत गेली. तिसरीतबी गेली, अंगठ्यानं बोल्ट लागला. रेश्मानं तिन्हीत पुन्हा स्वतः लावून पाह्यली आणि पुढची पुंगळी माझ्या हातात दिली. साठ होईपर्यंत ती देत राह्यली.

पान मी फेकलं नाई. डायच्या डब्यात ठेवलं आहे. नवी डाय आली का त्याच पानानं बसवीन, तुटलं तर दुसरं आणीन. स्टूल जाळीच्या आत घेतलं आहे. सेक्रेटरीले विचारून घेतलं.

पण एक लिहून ठेवतो, मुंशी. पुंगळ्या मिसळल्या नसत्या तर मानेची डाय चांगलीच होती. पितळ तिच्यानंच जास्त टिकते, हे मी आजबी म्हणतो, उद्याबी म्हणीन. काल भरताना स्टुलाकडं पाहून दोनदा म्हटलं. तू काई बोलला नाई. त्याचा अर्थ मी जिंकलो असा मी धरत नाई.